तटातलं घर

ज्या गावावर मी पीएच.डी. केली, त्या गावात मी फक्त दोन उन्हाळे राहिले आहे. गाव दक्षिण फ्रान्समधलं; एका टेकडीच्या माथ्यावर, सगळीकडून तटबंदीने वेढलेलं. बाकीची सगळी वर्षं मी त्याच्याबद्दल मिशिगनमध्ये बसून लिहिलं. आम्ही ट्रॉयला राहतो. इथे टेकडी नाही. मुलं बर्फात घसरतात तो एक उंचवटा आहे, तोही रस्ता बांधताना उरलेल्या मातीचा.

इथल्या गणेशोत्सवात एका काकूंनी मला विचारलं होतं, "फ्रान्सचं कशाला गं? आपल्याकडे किल्ले काय कमी आहेत?"

"किल्ल्यावर शिबंदी असते काकू. इथे अख्खं गावच तटाच्या आत राहायचं. लोहार, पाववाला, म्हाताऱ्या, शेळ्या, सगळे."

"शेळ्यापण?"

"शेळ्यापण."

काकूंचं समाधान झालं. खरं उत्तर एवढं छान नव्हतं. लग्नानंतर मी नवऱ्याच्या व्हिसावर आले. हाताशी आर्किटेक्चरची डिग्री होती आणि नोकरी करायची परवानगी नव्हती. काही वर्षं मी घर सजवलं, मुलगी झाली, आणि मग एकदा मुलीच्या दुपारच्या झोपेत ॲन आर्बरच्या एका प्राध्यापकबाईंना ईमेल केला. त्यांना जुन्या इमारतींची मापं घेऊ शकेल अशी विद्यार्थिनी हवी होती. गाव त्यांनी निवडलेलं होतं. मी भारतात जाऊन विद्यार्थ्यांच्या व्हिसाचा शिक्का घेऊन आले, संध्याकाळचे फ्रेंचचे क्लास लावले, आणि दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात सासूबाई मुलीला सांभाळायला आल्या तेव्हा त्या गावाला गेले.

माझ्या राहण्याची सोय एका निवृत्त शिक्षिकेकडे केली होती. सगळे तिला मादाम म्हणत, मीही तेच म्हणायला लागले. उंच, हाडकुळी, केस पुरुषासारखे बारीक कापलेले. आयुष्यभर तिने खालच्या दरीतल्या शाळेत इतिहास शिकवला होता आणि रोज टेकडी उतरून, चढून ती घरी येत होती. तटाच्या आत जन्मलेली आणि अजून आतच राहणारी ती शेवटची होती. बाकी घरं डच आणि इंग्रज लोकांची. जूनमध्ये खिडक्यांच्या फळ्या उघडायच्या, सप्टेंबरमध्ये मिटायच्या.

तिने मला माझी खोली दाखवली आणि मागच्या भिंतीवर थाप मारली. "ही घराची भिंत नाही," ती म्हणाली. "हा गावाचा तट आहे. आमचं घर त्याला टेकलेलं नाही, आमचं घरच तट आहे."

गावकूस हा शब्द मी लहानपणापासून ऐकला होता. खरं गावकूस हाताला लागलं ते तिथे.

संध्याकाळी ऊन उतरलं की मादाम मला गावातून फिरवायची. शिक्षिकेची सवय, चालता चालता थांबायची आणि मी लिहून घेतलं की पुढे निघायची. आधी गाव खाली होतं, नदीकाठी, असं तिने सांगितलं. शेतं तिथेच, गिरणी तिथेच. मग लढायांचा काळ आला. लढाई चालू असताना त्रास होताच, पण लढाई थांबली की जास्त. पगार बंद झालेल्या सैनिकांच्या टोळ्या सुटायच्या आणि धान्याची कोठारं शोधत हिंडायच्या. लोकांनी सामान उचललं आणि वर आले. वेगळी तटबंदी बांधायला कोणाकडे काय होतं? त्यांनी घरंच खांद्याला खांदा लावून गोल बांधली. सगळ्यांची तोंडं आत, पाठी बाहेर. बाहेरच्या बाजूला एक खिडकी नाही, फक्त बाण मारायला अरुंद जंग्या. आत यायला एकच दरवाजा. मध्ये चौक, चौकाखाली पावसाचं पाणी साठवायचा हौद, आणि चर्च असं बांधलेलं की दुरून बुरूज वाटावा. दरवाजा पडलाच तर शेवटी सगळ्यांनी तिथे शिरायचं.

"आणि गावकुसाबाहेर कोण राहायचं?" मी विचारलं.

"कातडी कमावणारे. आणि महारोगी."

"आमच्याकडेही," मी म्हटलं. तिने मान हलवली आणि आम्ही पुढे निघालो.

आणखी एकदा मी विचारलं, की आतल्या लोकांना निदान सुरक्षित वाटत असेल ना. ती हसली. "बाहेर टोळ्या असायच्या त्या आठवड्यांत, वाटत असेल. एरवी? अंधार पडला की घंटा व्हायची आणि दरवाजा बंद. रात्री पहारा प्रत्येक घराने पाळीपाळीने द्यायचा. हौदाच्या पाण्यावरून भांडणं. एकाला ताप आला की गल्लीला ताप. मला वाटतं, ती माणसं शत्रूपेक्षा एकमेकांनाच जास्त विटलेली असणार."

पुढे शांतता आली, तेव्हा लोकांनी तटाला खिडक्या पाडल्या. मादामच्या स्वयंपाकघरात अशी एक मोठी खिडकी होती, कुठल्याशा पूर्वजाने चिरे काढून केलेली. तिथे उभं राहिलं की द्राक्षांचे मळे, नदी, खालचं गाव, सगळं दिसायचं. मग खाली रस्ता झाला, दुकानं झाली, आणि माणसं जशी वर आली होती तशी एकेक घर खाली उतरली. कोणी हाकललं नाही. पाणी खाली होतं, एवढंच.

दुसऱ्या उन्हाळ्यात मी बारकाईने मापं घेतली आणि पहिल्या उन्हाळ्याच्या मापांशी ताडून पाहिली. मादामच्या खिडकीखाली तट किंचित बाहेर सरकला होता. मी तिला सांगितलं, गावच्या महापौरबाईंनाही सांगितलं. एक इंजिनीयर आला, भेगेवर काचेच्या पट्ट्या चिकटवून गेला. पट्टी तुटली तर भिंत हलली असं समजायचं. मी निघाले तेव्हा पट्ट्या शाबूत होत्या. मादाम मला वेशीपर्यंत सोडायला आली. "पुढच्या वर्षी चर्चच्या माळ्यावर चढू," ती म्हणाली. "गुडघ्यांना आत्तापासून सांगून ठेवते."

पुढच्या वर्षी माझ्या पासपोर्टवरचा शिक्का संपला.

हे इथे न राहणाऱ्याला समजावणं अवघड जातं. अमेरिकेत राहायला, शिकायला तो शिक्का लागत नाही. कागद चालू असले की झालं. तो लागतो बाहेर जाऊन परत आत यायला. नवा शिक्का घ्यायला भारतात जायचं, वकिलातीत मुलाखत द्यायची. पूर्वी लोक दोन आठवड्यांच्या सुट्टीत हे करून यायचे. आता तारखा मिळेनात, मिळालेल्या पुढे ढकलल्या जात, आणि ओळखीतल्या एकाचा पासपोर्ट मुलाखतीनंतर तिकडेच अडकला. त्याची बायको इकडे अमेरिकेत, शॉमबर्गला, दोन मुलांना घेऊन एकटी राहत होती. माझ्या नवऱ्याचं ग्रीन कार्ड रांगेत होतं, त्याचाही शिक्का केव्हाच संपलेला. आमची मुलगी इथे जन्मलेली, म्हणून इथलीच नागरिक. आमच्या घरात कुठेही जाऊन परत येऊ शकेल अशी ती एकटीच, आणि तिला अजून बुटाची नाडी बांधता येत नव्हती.

आम्ही लॉयरकडे गेलो. ती नीट, मृदू बोलणारी बाई होती. "जाऊ नका असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "परत याल याची खात्री मात्र मी देऊ शकत नाही."

गाडीत बसल्यावर नवरा म्हणाला, "रिस्क नको यार. अजून थोडं थांबू. एकदा कार्ड आलं की सगळीकडे जाऊ."

"मला सगळीकडे जायचंच नाहीये. मला एका गावात जायचंय."

"मी कुठे नाही म्हणतोय?"

"तू नाही म्हणत नाहीस. तू फक्त थांबू म्हणतोस."

त्याचंही बरोबर होतं. ऑफिसमधला बॉस त्याला कसा वागवतो ते मला माहीत होतं. तरी नोकरी बदलायची हिंमत नव्हती, कारण कार्डाची फाइल त्या कंपनीला बांधलेली. आम्ही दोघं एकाच दोरीची दोन टोकं धरून बसलो होतो आणि राग एकमेकांवर काढत होतो.

अडकलेय म्हणावं तर ऐकणारा हसेल. दारात गाडी होती. मनात आलं तर आठ-आठ तास एकाच दिशेने गेलं तरी हा देश संपत नाही. पण जाऊन पाहिलं की पुन्हा तोच एक्झिट, तेच पेट्रोल पंप, तीच कॉफी. मी परत वळून यायची. भावाचं लग्न मी लॅपटॉपवर पाहिलं. मंगलाष्टकं चालू झाली तशी मुलीने उत्साहाने अक्षता स्क्रीनवर टाकल्या, आणि कीबोर्डमधले तांदूळ टाचणीने काढण्यात माझी सकाळ गेली. तेवढ्यात आईचा फोन, "दिसलं का गं सगळं नीट?" मी म्हटलं, दिसलं.

हिवाळ्यात बेसमेंटमध्ये बसून मी कॉम्प्युटरवर गावाचं मॉडेल करायची. एकेक चिरा मापाने चढवायचा. त्या बेसमेंटला छताजवळ एक आडवी फट होती, खिडकी म्हणायची इतकंच. बर्फ साचला की तीही बंद व्हायची. कधी कधी मला श्वास घ्यायलाच वर यावं लागे. मग मी ड्राइव्हवे साफ करायची. शेजारच्यांना वाटायचं मी फार कामसू आहे.

मादामशी दर रविवारी व्हिडिओवर बोलणं होई. ती नवीन काही सांगायची, मी मॉडेलमधली एखादी गल्ली दाखवायची, ती चूक काढायची. "तिथला जिना इतका सरळ नाही. शाळकरी मुलाने काढल्यासारखा दिसतोय." ती मला कधी येणार हे विचारायची आणि मी पुढच्या वर्षी म्हणायची.

मग एका शरद ऋतूत तिकडे खूप पाऊस झाला. सकाळी मुलीला शाळेच्या बसवर सोडून घरात आले तर महापौरबाईंचा फोन. काचेच्या सगळ्या पट्ट्या तुटल्या होत्या. खिडकीखालचा तट फुगून बाहेर आला होता, इंजिनीयरने घर ताबडतोब रिकामं करायला सांगितलं होतं. दरीत वृद्धांसाठी एक चांगली जागा आहे, खोली तयार आहे, पण मादाम जायला तयार नव्हती.

"ती कोणाचं ऐकत नाही," महापौरबाई म्हणाल्या. "माझं तर नाहीच. मी तिचीच विद्यार्थिनी, वर्गात बडबड करायचे. तुम्ही ती भिंत मोजलीय. तुमचं ऐकेल."

मी मादामला फोन लावला. ती स्वयंपाकघरातच बसली होती, त्याच भिंतीला पाठ लावून. अंगावर कोट. चूल पेटवायला मनाई केली होती.

"आलीस तूही," ती म्हणाली. "बोल. पाठ करून आली असशील."

"मादाम, भिंत हललीय. मी आकडे पाहिलेत. हे घाबरवणं नाही."

"मला माहितेय भिंत हललीय. रात्री ऐकू येतं. आतली खडी खाली सरकते."

"मग?"

"मग काय? दुरुस्त करा. तट दुरुस्त करतात. आतल्या माणसांना बाहेर काढून कोणी तट दुरुस्त केलेला मी तरी वाचलेला नाही."

मी पुन्हा समजावलं. टेकू लावायचे तर खोल्या मोकळ्या लागतील. दुरुस्ती झाली की परत येता येईल. हे शेवटचं वाक्य बोलताना माझा आवाज बदलला असावा, कारण ती एकदम कॅमेऱ्याजवळ आली.

"तू ये," ती म्हणाली. "इथे येऊन, या खोलीत उभी राहून मला सांग, की हे घर सोड. मी सोडते."

"मला येता येत नाही."

"दरवेळी पुढच्या वर्षी म्हणतेस. मूल आहे, काम आहे, सगळ्यांना असतं."

तोपर्यंत मी तिला व्हिसाचं कधी सांगितलं नव्हतं. का, ते सांगता येणार नाही. त्या एका ठिकाणी तरी मला कागदांचं माणूस व्हायचं नव्हतं. त्या दिवशी माझ्या मोडक्या फ्रेंचमध्ये सगळं सांगितलं. शिक्का, रांग, शॉमबर्गची ती बाई, लॉयर, मुलगी. सांगता सांगता मला रडू यायला लागलं आणि व्याकरण पार कोसळलं. मादामने मध्ये एकही चूक सुधारली नाही.

"म्हणजे तुला कोणी कोंडलेलं नाही," ती शेवटी म्हणाली. "तू जाऊ शकतेस. फक्त मागे दार लागेल."

"हो."

"आणि मूल आत."

"हो."

मागे भिंतीवर तिची तवे-कढयांची रांग टांगलेली दिसत होती. मग ती म्हणाली, "मी म्हातारी आहे म्हणून सगळे मला सांगतात की परत येशील. इंजिनीयर सांगतो, ती बडबडी पोरगी सांगते, तूही सांगितलंस. माझं वय काय, दुरुस्तीला वर्षं किती लागतात, हे मला कळत नाही का? मी उतरले की परत चढणार नाही. निदान तू तरी खरं बोल."

मी खरं बोलले. "नाही येणार मादाम. बहुतेक नाही. पण भिंत पडेल तेव्हा तुम्ही त्या खुर्चीत नको."

"हं," ती म्हणाली आणि फोन बंद केला.

दोन दिवसांनी महापौरबाईंचा मेसेज आला की मादाम उतरली. कोणाच्या गाडीत बसायला तयार नव्हती. काठी टेकत, स्वतःच्या पायांनी वेशीतून बाहेर पडली. मागून महापौरबाई आणि दोघे गावकरी कढया, पुस्तकं, गाद्या घेऊन चालत होते. त्या हिवाळ्यात तटाच्या आत धूर निघणारं एकही घर नव्हतं.

मी प्रबंध संपवला. वसंतात, प्रबंध सादर करण्याच्या थोडं आधी, माझ्या प्राध्यापकबाई दुरुस्ती बघायला तिकडे गेल्या. त्या रविवारी मी मुलीला मराठी शाळेत सोडून पार्किंग लॉटमध्ये बसले होते. आतून मुलांचा बाराखडीचा आवाज येत होता. बाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्यांना दिशा कळत नाहीत, हे सगळ्या डिपार्टमेंटला माहीत होतं.

"मी वेशीत उभी आहे," त्या म्हणाल्या. "आता मला घेऊन चल."

मी त्यांना घेऊन चालले. नळापाशी डावीकडे. उतार दिसतोय तो घेऊ नका, तो पाववाल्याच्या बोळात जातो. भिंतीला हात लावून चला, पुढे पायरी उंच आहे. स्क्रीनवर चिरे हलत होते, बाईंची धाप ऐकू येत होती, आणि मला पुढचं वळण यायच्या आधी त्याचा वास येत होता, ओल्या चुन्याचा आणि मांजरांचा. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, गाडी बंद होती.

मादामच्या गल्लीच्या तोंडाशी पत्र्याचं कुंपण होतं. पलीकडे लाकडी टेकू दिसत होते, जाडजूड, तिरके रोवलेले.

"इथून पुढे जाता येत नाही," बाई म्हणाल्या. "दुसरी वाट आहे?"

मी आठवून पाहिलं. नव्हती. ते घर तटातलं होतं. त्या गल्लीच्या पलीकडे गावच नव्हतं.

"मग मी काय करू?" त्यांनी विचारलं.

"थोडा वेळ उभ्या राहा," मी म्हटलं. त्या उभ्या राहिल्या. पत्रा वाऱ्याने वाजत होता. मी पाहत राहिले. मग बाईंनी कॅमेरा स्वतःकडे वळवला, तेवढ्यात शाळा सुटली, मुलगी पळत आली, मागचं दार उघडून आत पडली. "Who's that?" तिने विचारलं. मी म्हटलं, माझ्या टीचर. "Why is she just standing there?" ती म्हणाली.

मी डॉक्टर झाले. नवऱ्याने केक आणला, काकूंनी पुरणपोळ्या पाठवल्या. ग्रीन कार्डाची रांग थोडी पुढे सरकली, मग मागे गेली. मी वकिलातीची तारीख घेतली होती, या वेळी नवऱ्याला न विचारता. त्याला सांगितलं तेव्हा तो खूप वेळ भांडी घासत राहिला आणि म्हणाला, "जा. मी बघतो हिचं." जायच्या आधीच ती तारीख रद्द झाल्याचा ईमेल आला. नवी तारीख अजून नाही.

मादामशी रविवारचं बोलणं चालू आहे. तिथे सूप पांचट असतं आणि लोक लवकर झोपतात, अशा तिच्या तक्रारी आहेत. तिला पहिल्यांदा टेकडीकडची खोली दिली होती, मुद्दाम, तिचं गाव दिसावं म्हणून. तिने ती बदलून घेतली.

"का?" मी विचारलं.

"दिवसभर बघत बसायला ते काय चित्र आहे?" ती म्हणाली. "आता माझ्या खिडकीखाली सुपरमार्केटचं पार्किंग आहे. माणसं येतात, पिशव्या भरतात, जातात. एक बाई रोज गाडी तिरकी लावते. काल तिला वरून ओरडून सांगितलं."

"मग?"

"सरळ लावली," मादाम म्हणाली. आणि मी पाठवलेल्या प्रबंधाच्या पुढच्या प्रकरणात मी कुठल्या पानावर चुकले आहे ते सांगायला तिने चष्मा चढवला.